ड्रायव्हर, आयर्न की वेज: कोल्हापुरातनं सारखे विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सात-आठ जण गोल्फ खेळतो. रविवारी सकाळी गावाबाहेर एका मित्राच्या रानात नेट लावून मारतो, ऊस गेला की मोकळ्या वावरात वेज मारतो आणि जमेल तसं महिन्यातनं एकदा गाडी काढून पुण्याला कोर्सवर खेळायला जातो. एकमेकांचे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, मारून बघणं, तोलून बघणं, त्यावर तासभर भांडणं हा आमचा निम्मा खेळ आहे. नवीन येणारा प्रत्येकजण तेच तेच विचारतो म्हणून सगळं एका जागी इस्कटून लिहितोय. ड्रायव्हर म्हणजे लांब मारायचा मोठ्या डोक्याचा क्लब, आयर्न मधल्या अंतराचे, वेज जवळनं उंच टाकायचे आणि पुटर बॉल होलमध्ये ढकलायचा.

सुरुवातीला काय घेऊ, ड्रायव्हर का आयर्न?

७ आयर्न आणि एक सँड वेज, तिसरा पुटर. एवढ्यावर पहिले तीन महिने आरामात निघतात. ड्रायव्हरची हौस सगळ्यांनाच असते आणि त्यात चुकीचं काही नाही, पण तो पिशवीतला सगळ्यात लांब क्लब, ४५ इंचाच्या आसपास, ७ आयर्न असतो ३७ इंचाचा, आणि वर ड्रायव्हरला लॉफ्ट (बॉलला लागणारी बाजू मागं किती अंश कललीय तो कोन) कमी, त्यामुळं हात जरा जरी चुकला तरी ड्रायव्हर ती चूक मोठी करून दाखवतो, मग नवीन माणूस ती झाकायला मनगट फिरवायला शिकतो आणि ती सवय मोडता मोडत नाही. ७ आयर्न नीट बसला की ९ आयर्न, पिचिंग वेज, एखादा हायब्रिड (लांब आयर्नच्या जागी वापरायचा जाड डोक्याचा क्लब) असं वाढवत जा. ड्रायव्हर त्याच्यानंतर, आणि तो घेताना १०.५ अंशाच्या खाली जाऊ नका, १२ असला तरी चालतंय की.

माझा ७ आयर्न १३५ यार्ड जातो, मित्राचा १५० जातो. त्याचा क्लब भारी का?

हा प्रश्न आला की मी आधी एकच विचारतो, दोन्हीचे अंश किती?

आयर्नवर जो आकडा कोरलेला असतो त्याला नियमात काही अर्थ नाही. ७ म्हणजे किती अंश हे कुठल्याच नियमात ठरवलेलं नाही, कंपनी ठरवेल ते. जुन्या पद्धतीच्या सेटमध्ये ७ आयर्न ३४-३५ अंशाचा असतो, आजकाल लांब जाणारे म्हणून जे सेट येतात त्यात तोच ७ आयर्न २८-२९ अंशावर आलाय, म्हणजे मित्राच्या क्लबवर ७ लिहिलंय पण जुन्या हिशोबानं त्याच्या हातात ५ आयर्न आहे. मग १५ यार्ड जास्त जाणारच की.

यात कंपनी फसवतेय असं मला वाटत नाही. क्लबच्या नवीन डोक्यांमध्ये वजन खाली आणि मागं टाकलेलं असतं, फेस (बॉलला लागणारी बाजू) पातळ असतो, त्यामुळं बॉल आपोआप वर चढतो आणि लॉफ्ट कमी केला तरी उंची बऱ्यापैकी राहते. अडचण दुसरीकडं येते. एक म्हणजे त्या बॉलला स्पिन कमी असतो, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, पडून तो थांबत नाही, पळत पलीकडं जातो. दुसरं म्हणजे असल्या सेटमधला पिचिंग वेज ४३ अंशाचा असतो आणि दुकानात मिळणारा सँड वेज ५६ चा, मधी १३ अंशांचं भगदाड, आणि नेमकं ८०-१०० यार्डाच्या शॉटला हातात क्लब नाही. म्हणून सेट घेताना आकडा बघू नका, अंश बघा. कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलचा तक्ता असतो, वहीत उतरून घ्या, दोन सेट शेजारी मांडले की अर्धी तुलना तिथंच संपते.

फोर्ज्ड आयर्न चांगले का कास्ट?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच, शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला फौंड्रीत काम करणारा एकजण तरी प्रत्येकाच्या ओळखीत असतो. आमच्यातला एक फौंड्रीवालाच आहे. त्याच्या हातात पहिल्यांदा कास्ट आयर्न दिला तेव्हा त्यानं स्विंग वगैरे काही केला नाही, उजेडाकडं धरून अंगठ्याचं नख हळूहळू सगळ्या कडेनं फिरवलं आणि म्हणाला, पार्टिंग लाइन कुठाय?

ती नसतेच, कारण हे आपल्याकडच्या वाळूच्या साच्यातलं कास्टिंग नाही. आधी मेणाचं डोकं करतात, त्यावर सिरॅमिकचे थर चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत स्टील ओततात, म्हणजे ओतीव मूर्ती करताना जे तत्त्व असतं तेच. आणि कास्ट म्हणजे बीड नव्हे, हा गैरसमज खूप जणांचा आहे. बहुतेक कास्ट आयर्न १७-४ नावाच्या स्टेनलेस स्टीलचे असतात, कडक आणि मजबूत. फोर्ज्ड आयर्न १०२० किंवा १०२५ सारख्या मऊ कार्बन स्टीलचे, लालभडक तापवलेली सळी डायमध्ये ठोकून आकार देतात आणि वरनं क्रोम चढवतात. जपानच्या मिझुनोचे फोर्ज्ड आयर्न हिरोशिमात बनतात आणि त्यांचं नाव आहे ते उगाच नाही.

फरक कशात पडतो ते सांगतो. ओतकामात गुंतागुंतीचे आकार जमतात, मागं खोल पोकळी करता येते, वजन हवं तिथं नेता येतं, आणि किंमतही खाली येते. फोर्ज्डचा मोठा फायदा म्हणजे तो वाकवता येतो, लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) किंवा लॉफ्ट दोन अंश इकडं तिकडं करायचा असला तर मशीनवर धरून अलगद वाकतो, १७-४ चं डोकं मात्र दाद देत नाही, जास्त जोर केला तर होझलपाशी, म्हणजे दांडा बसतो त्या नळीपाशी, तडा जायची भीती.

आणि फोर्ज्डचा तो मऊ फील? खरं सांगू का, आम्ही चौघांनी कानात कापूस घालून, डोकं कुठलं ते न बघता, दुसऱ्यानं हातात दिलेला क्लब मारून बघितला. मागची पोकळी (कॅव्हिटी) सारखीच असलेले एक फोर्ज्ड आणि एक कास्ट. एकालाही सलग ओळखता आलं नाही. कापूस काढला की लगेच ओळखायला येत होतं. माझं मत तेव्हापासनं पक्कं झालंय की आपण ज्याला हाताचा फील म्हणतो त्यातला मोठा भाग कानाचा आहे. तरीपण आवाज आवडत असेल तर जरूर घ्या, चार तास तो आवाज तुम्हालाच ऐकायचाय.

ब्लेड घेतला तर खेळ सुधारतो म्हणतात, खरं का?

नाही. ब्लेड म्हणजे मागं पोकळी नसलेला सपाट आयर्न, त्यात वजन मधोमध गोळा असतं, त्यामुळं मधोमध लागला तर फार सुंदर आणि अर्धा इंच टोकाकडं लागला तर डोकं हातात वळतं, बॉल दहा-पंधरा यार्ड आखूड पडतो. कॅव्हिटी बॅकमध्ये वजन कडेनं पसरलेलं असल्यानं डोकं कमी वळतं. ही कल्पना कार्स्टन सॉल्हाइम या इंजिनियरनं लोकांपर्यंत नेली, पिंग कंपनी त्याचीच, आणि १९८२ मध्ये आलेला आय २ हा आयर्न आजही जुन्या पिशव्यांमधनं निघतो. आठवड्यातनं एकदा मारणाऱ्यानं कॅव्हिटी बॅकच घ्यावा. ब्लेड सुंदर दिसतो हे मान्य, माझ्याकडंही एक जुना ७ आयर्न ब्लेड आहे, पण तो नेटमध्ये सरावाला, कुठं लागलं ते बोटांना लगेच सांगतो म्हणून.

नवीन ड्रायव्हर जुन्यापेक्षा किती लांब जातो?

जाहिरातीत वाटतं तेवढा नाही, आणि याला कारण नियम आहे. डोकं ४६० सीसीपेक्षा मोठं करता येत नाही, फेसची स्प्रिंग किती असावी याला मर्यादा आहे, डोक्याच्या न वळण्याच्या गुणालाही आहे. पुटर सोडून कुठल्याच क्लबला ४८ इंचाच्या वर जाता येत नाही, आणि मोठ्या व्यावसायिक स्पर्धांसाठी २०२२ पासनं ४६ इंचाचा स्थानिक नियम आलाय. मोठ्या कंपन्या सगळ्या या भिंतींना टेकून बसल्यात. मोठ्या उड्या आधीच होऊन गेल्या, १९७९ मध्ये टेलरमेडनं लाकडाऐवजी धातूचं डोकं आणलं, १९९१ मध्ये कॅलवेची बिग बर्था आली, मग टायटॅनियम आलं. आता सुधारणा होते ती मधोमध न लागलेल्या शॉटमध्ये, आणि आपल्यासारख्यांचे शॉट तसलेच असतात, म्हणून ती अगदीच फुकट नाही.

पण सात-आठ वर्षांपूर्वीचा चांगला ड्रायव्हर आणि यंदाचा, दोन्ही फेसच्या मधोमध लागले तर आमच्यात कुणालाही पाच यार्डाच्या पुढं फरक दिसलेला नाही. उरलेल्या पैशात वेज घ्या.

माझा ड्रायव्हर कायम उजवीकडं वळतो. हा स्लाइस घालवणारा ड्रायव्हर मिळतो का?

आधी टाल्कम पावडर आणा. फेस ओलसर बोटानं पुसून घ्या, वर पावडर भुरभुरा, दहा बॉल मारा, प्रत्येक बॉलनंतर ठसा कुठं उमटला ते बघा. फेस वरनं सपाट दिसला तरी तो दोन्ही बाजूंनी किंचित फुगीर असतो, आणि हीलकडं, म्हणजे दांड्याकडच्या बाजूला लागला की बॉलला उजवीकडं वळायचा स्पिन मिळतो (हे सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी लिहितोय). आमच्यातल्या एकाचे दहातले आठ ठसे हीलकडं निघाले. तो वर्षभर स्विंगला दोष देत होता, बॉलपासनं एक इंच मागं उभा राहिला आणि निम्मा स्लाइस तिथंच गेला.

ठसा मधोमध आणि तरी वळतोय, तर मग फेस उघडा, म्हणजे उजवीकडं तोंड करून, येतोय. तिथं थोडी मदत क्लब करू शकतो. हीलकडं वजन ठेवलेले ड्रॉ बायसवाले (बॉल डावीकडं वळायला मदत करणारे) ड्रायव्हर येतात, होझल फिरवून लॉफ्ट वाढवला तर फेस थोडा बंद होतो, आणि दांडा अर्धा-एक इंच आखूड केला तर बॉल मधोमध लागायची शक्यता वाढते. मदत म्हणालो, इलाज नाही.

शाफ्ट (दांडा) रेग्युलर घेऊ का स्टिफ, म्हणजे कडक?

ड्रायव्हरचा स्विंग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर रेग्युलर, त्याच्या वर स्टिफ, खाली असेल तर अजून लवचीक, सीनियर, हा ढोबळ हिशोब. पण एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफएवढा कडक असू शकतो, त्याचं काही एकच माप ठरलेलं नाही. अंगात ताकद आहे म्हणून स्टिफ घेणारे आमच्याकडं लई, तालमीतला एक गडी आला होता, दंड बघून कुणीही स्टिफच दिला असता, पण त्याचा स्विंग संथ आणि लयीत होता, रेग्युलरमध्ये बॉल उंच आणि सरळ गेला. ताकदीपेक्षा वेग आणि लय बघायची. आयर्नला स्टील शाफ्ट १०० ते १३० ग्रॅमपर्यंत, ग्रॅफाइट ६०-८० च्या आसपास, कोपर किंवा मनगट दुखत असेल तर बिनधास्त ग्रॅफाइट घ्या.

वेज किती लागतात आणि बाउन्स म्हणजे नक्की काय?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात कमी विचार लोक इथंच करतात.

किती, याचं उत्तर तुमच्या पिचिंग वेजच्या अंशात आहे. तिथनं चार ते सहा अंशांच्या पायऱ्या करत खाली या. पिचिंग ४६ चा असेल तर ५१ आणि ५६ बास. ४३ चा असेल तर ४८, ५३, ५८. साठचा लॉब वेज पहिल्या वर्षी नको, त्यानं बॉल वर जातो पण पुढं जात नाही, आणि जोर वाढवला की धार बॉलच्या पोटावर लागून ग्रीनच्या पार पलीकडं.

आता बाउन्स. वेज जमिनीवर सरळ ठेवला तर सोलचा (तळाचा) मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली असतो, तो कोन म्हणजे बाउन्स. खुरपं जमिनीत घुसतं, आणि गवंडी थापी जरा तिरकी धरून फिरवतो तेव्हा ती गिलाव्यावरनं सरकते, एवढाच फरक. बाउन्स कमी म्हणजे खुरपं, बाउन्स जास्त म्हणजे थापी. ४ ते ६ अंश कमी, ७ ते १० मधला, त्याच्या वर जास्त.

ही कल्पना जीन साराझेन या अमेरिकन खेळाडूनं जमिनीवर आणली. बंकरमधनं, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातनं, बॉल निघेना म्हणून त्यानं क्लबच्या सोलवर धातू डागून मागची बाजू जाड केली आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन तोच वेज घेऊन जिंकली. डाग देऊन केलेलं काम, कारखान्यातनं आलेलं नव्हे, हे मला फार आवडतं.

आपल्याकडं बाउन्सचा विचार मातीवरनं करायचा. पंचगंगेच्या काठाची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी होते, तिथं ६ अंशाचा वेज मारला की धार आत घुसते, बॉल दोन हातांवर आणि मातीचा ढेकूळ त्याच्या पुढं. १२ अंशाचा मारा, सरकतो. तीच जमीन एप्रिलमध्ये भेगाळून दगड झालेली असते, तिथं १२ अंशाचा वेज आपटून वर उडतो आणि धार बॉलच्या पोटावर बसते, तिथं ६-८ पाहिजे. पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी मुरमाड जमीन तर वर्षातले आठ महिने कडकच. म्हणून माझ्याकडं ५२ ला ८ अंश आणि ५६ ला १२ अंश असे दोन ठेवलेत, एक कडक जमिनीला एक मऊला, आणि बंकरमध्ये कायम ५६ चा. एकच घ्यायचा असेल तर ५६ आणि १० अंश, बारा महिने निभावतो.

बघायचं कसं? फळीवर वेज सरळ ठेवा, धार आणि फळी यांच्यात जी फट दिसते ती बघा, मग हात थोडे पुढं झुकवा, फट मिटते. हात जास्त पुढं ठेवून मारणाऱ्याचा बाउन्स निम्मा तिथंच मरतो, त्यानं जास्त बाउन्सवालाच घ्यावा.

ग्रूव्ह्ज (फेसवरच्या खाचा) झिजलेला जुना वेज घेऊ का?

सरावाला घ्या. नख फिरवून बघा, नख अडकलं पाहिजे, गुळगुळीत लागलं तर ओल्या गवतातनं मारलेला बॉल ग्रीनवर थांबणार नाही. वापरलेला आयर्न घ्यायला हरकत नाही, वेज शक्यतो नवा घ्या.

सेकंडहँड ड्रायव्हर ऑनलाइन घेताना काय बघायचं?

लोहचुंबक. हसू नका, मी पैसे घालवून शिकलोय. ऑनलाइन एका विक्रेत्याकडनं नावाजलेल्या मॉडेलचा ड्रायव्हर निम्म्या किमतीत घेतला, रंग, स्टिकर, कव्हर सगळं हुबेहूब. तिसऱ्या आठवड्यात क्राउनवर, म्हणजे डोक्याच्या वरच्या भागावर, केसाएवढी चीर आली. फौंड्रीवाल्या मित्रानं खिशातला चुंबक फेसला लावला, टक करून चिकटला. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, कार्बन फेसलाही नाही, म्हणजे फेस साध्या स्टीलचा होता. सोलवरच्या वजनाच्या स्क्रूला चिकटला तर घाबरायचं नाही, फेस आणि क्राउन बघायचं. आयर्नला ही परीक्षा लागू नाही, ते स्टीलचेच, चिकटणारच. ड्रायव्हरच्या डोक्यात काही खुळखुळतंय का ते हलवून ऐका, होझलवरचा सिरियल नंबर बघा, खोडल्यासारखा असेल तर सोडून द्या.

डोक्याला लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लावून खरंच फरक पडतो का?

पडतो. शाफ्ट बदलायला काढला होता तेव्हा आम्ही एक ७ आयर्नचं डोकं गुजरीत ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवलं, २६९ ग्रॅम भरलं, आणि मग सगळा सेटच सुटा करून तोलावासा वाटला. सेटमध्ये क्लब अर्धा इंच आखूड होतो तसं डोकं साधारण ७ ग्रॅमनं वाढत जातं, सँड वेजचं ३०० च्या आसपास जातं आणि ड्रायव्हरचं २०० च्या. त्यामुळं सगळे क्लब हाताला सारखे तोलतात. डोक्यावर दोन ग्रॅम वाढवले तरी स्विंगवेट (मारताना हाताला जाणवणारा डोक्याचा जडपणा) एक पायरी सरकतं आणि सवयीच्या हाताला ते कळतं. ड्रायव्हर आखूड केला असेल तर हलका लागायला लागतो, तिथं टेप लावाच.

पिशवीत किती क्लब चालतात?

चौदा. अमेरिकेत १९३८ पासनं, ब्रिटनमध्ये १९३९ पासनं हा नियम आहे. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात त्यात) जास्त निघाले तर चूक झालेल्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोक, जास्तीत जास्त चार. मला अकरा पुरतात.

पावसाळ्यात क्लब गंजतात, काय करू?

जूनपासनं चार महिने आपल्याकडं हवाच ओली. खेळून आलं की ग्रूव्ह्जमधली माती जुन्या टूथब्रशनं काढा, कोरडं पुसा, आणि ओलं कव्हर क्लबवर अजिबात ठेवू नका, गंज बहुतेक तिथंच धरतो. फोर्ज्डचं क्रोम जिथं खरचटलंय तिथं तेलाचा हात फिरवा. रॉ फिनिशचे (वर क्रोम नसलेले) वेज गंजण्यासाठीच बनवलेले असतात, त्यांना घासत बसू नका. ग्रिप कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून धुवा, पुन्हा चिकट होते. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत क्लब दिवसभर सोडू नका, आतल्या उष्णतेनं डोकं धरून ठेवणारं इपॉक्सी सैल पडतं.

पोरासाठी माझाच जुना ७ आयर्न कापून देऊ का?

नको. दांडा कापला की तो अजून कडक होतो आणि डोकं तेवढंच जड राहतं, मग ते पोरगं अंग मागं टाकून क्लब उचलायला लागतं आणि ती सवय मोठेपणी त्रास देते. लहान मुलांचे हलक्या डोक्याचे क्लब वेगळे मिळतात, पूर्ण सेट नको, दोन घ्या. आमच्यातल्या एकाची नऊ वर्षांची मुलगी हलका ७ आयर्न आणि एक वेज एवढ्यावर खेळते. रविवारी आम्ही क्लबवर भांडत असतो तेव्हा ती आमच्या सगळ्यांची पायताणं रानात ओळीनं मांडते आणि त्यांच्यावरनं वेजनं बॉल पलीकडं टाकते, एकही पायताण हलत नाही.